उदासी, काळजी आणि अश्वगंधाची बाटली: कशाआधी काय करायचं

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. कशात मन लागेना, रात्री जीव घाबरा व्हायला लागला, की कुणीतरी अश्वगंधाची बाटली आणतं. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून तिच्या जोडीला ब्राह्मी येते. मग पुण्याचा पुतण्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवतो. रक्ततपासणी, झोपेची वेळ, डॉक्टर हे सगळं त्यानंतर. तोवर तीन महिने गेलेले असतात आणि कशानं बरं वाटलं, कशानं बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

खाली योग्य क्रम दिला आहे. पूरक गोळ्या आणि वनस्पती त्यात पाचव्या टप्प्यावर येतात, त्याआधी नाही. सौम्य त्रासात त्यांचा थोडा उपयोग होतो, मध्यम त्रासात डॉक्टरांच्या उपचाराला जोड म्हणून चालतात, तीव्र नैराश्यात त्यांच्या भरवशावर राहू नये.

टप्पा १: त्रास किती आहे ते आकड्यात मोजा

"टेन्शन आहे" यावरून काहीच ठरत नाही. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि काळजीसाठी जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या मराठीत मिळतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं त्यात विचारलेलं असतं. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण.

पीएचक्यू-९ मध्ये एकूण २७ गुण. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बऱ्यापैकी तीव्र, २० पासून पुढे तीव्र. जीएडी-७ मध्ये एकूण २१ गुण. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र.

- ५ ते ९: पुढचे टप्पे घरी सुरू करता येतील.
- १० ते १४: पुढचे टप्पे करा, पण डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात ठरवा.
- १५ किंवा जास्त: आधी डॉक्टर. पाचवा टप्पा तूर्त विसरा.

इशारा: पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ० सोडून काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मराठीत बोलायचं आहे हे सुरुवातीलाच सांगा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. माणसाला एकटं सोडू नका. शेतावरच्या घरात फवारणीची औषधं असतातच. ती आणि घरातल्या सगळ्या गोळ्या दुसऱ्याच्या घरी कुलपात जाऊ द्या. "तो तसा नाही" या भरवशावर हे काम उद्यावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट इथेच आठवून बघा. आधी कधी सलग चार-पाच दिवस झोप जवळजवळ नसताना अंगात भलताच जोर, वायफळ खर्च, न थांबणारी बडबड असा काळ येऊन गेला आहे का? घरच्यांनाही विचारा, कारण त्या दिवसांत स्वतःला सगळं झकास वाटत असतं. उत्तर हो असेल तर हे द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचं लक्षण असू शकतं आणि मन "वर काढणाऱ्या" काही पूरक गोष्टी अशा माणसाला उन्मादाकडे ढकलतात. घरगुती प्रयोग नकोत.

टप्पा २: रक्त तपासा, आणि पूरक सुरू करण्याआधी तपासा

थायरॉईड मंदावलं, रक्त कमी झालं, बी१२ घसरलं की माणूस हुबेहूब उदास दिसतो: थकवा, विसरभोळेपणा, कशात रस नाही. थायरॉईड जास्त चाललं की धडधड, थरथर, घाम, म्हणजे हुबेहूब काळजी. म्हणून एवढ्या तपासण्या एकदाच करून घ्या: रक्तगणना, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी१२, ड जीवनसत्त्व, साखर. अश्वगंधा किंवा हळदीचा अर्क घ्यायचा विचार असेल तर यकृताचीही.

इथे होणाऱ्या चुका:

बी१२ चं इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर. मग अहवालात आकडा भरगच्च येतो आणि मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही.

केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याने थायरॉईडची तपासणी चुकीची येऊ शकते. दोन-तीन दिवस आधी त्या बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

बी१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० काठावर. शाकाहारी घरांत हे फार आढळतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मांसाहार करणाऱ्यांतही.

ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. आठवड्यातून एकदा. ही पुडी रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. कॅलेंडरवर आठ रविवारांवर खूण करून ठेवा, म्हणजे घरात दोघांनी दोनदा देण्याचा घोळ होत नाही.

कमतरता असेल तर ती भरून काढणं हाच उपाय. नसेल तर जास्तीचं जीवनसत्त्व घेऊन मन उभारी धरत नाही.

टप्पा ३: चालू गोळ्यांची एकच यादी करा

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात ही पायरी विशेष महत्त्वाची आहे. चिकोडी, रायबाग, अथणीकडचे लोक मिरजेला दाखवतात, निपाणीकर कोल्हापूरला, आणि मधे-अधे गावातला डॉक्टर असतोच. एका डॉक्टरच्या कागदावर एक ब्रँड, दुसऱ्याच्या कागदावर दुसरा, आत औषध तेच. मग डोस दुप्पट होतो आणि दोष अश्वगंधेवर जातो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ब्रँड असतो. बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. यादी मूळ नावानं करा. वाचता आलं नाही तर औषध दुकानदाराकडून लिहून घ्या.

यादीत नैराश्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, थायरॉईड, बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या आणि अंगदुखीच्या गोळ्या हव्यातच. अंगदुखीच्या का? ट्रॅमाडॉल हे नेहमी दिलं जाणारं वेदनाशामक मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतं. ते नैराश्याच्या गोळीशी किंवा तशाच एखाद्या पूरकाशी जुळलं की घाम, थरथर, जुलाब, अस्वस्थता, ताप अशी लक्षणं येऊ शकतात. ही लक्षणं दिसली तर थेट इस्पितळ गाठायचं.

तपासून घ्या: यादी एका कागदावर आहे का? पुढे प्रत्येक वैद्य, डॉक्टर, दुकानदार यांना तोच कागद दाखवायचा. "एवढं काय सांगायचं, ते तर आयुर्वेदिक आहे" म्हणून चूर्ण त्यातून वगळू नका.

टप्पा ४: पाया घाला, किमान दोन आठवडे

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त परिणाम देणारा टप्पा हाच. लोक नेमका हाच गाळतात, कारण यात विकत घेण्यासारखं काही नाही.

उठण्याची वेळ ठरवा. झोपायची नव्हे, उठायची. रात्री दोनला डोळा लागला तरी सकाळी सहाला उठायचं. दुपारची डुलकी २० मिनिटांवर जाऊ द्यायची नाही. पहिले चार-पाच दिवस जड जातात. साखर कारखान्यात गळीत हंगामाची रात्रपाळी असेल तर निदान पाळी बदलेपर्यंत एकच वेळ धरा.

उठल्यावर अर्ध्या-एक तासात बाहेरच्या उजेडात २० ते ३० मिनिटं. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटं. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. बेळगावात व्हॅक्सिन डेपोचं मैदान किंवा किल्ल्याचा तलाव, खेड्यात शिवाराची वाट. अडचण पावसाळ्यात येते. खानापूर-जांबोटीकडे जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही, चालणं सुटतं आणि नेमकी तेव्हाच उदासी वाढते. त्यासाठी आधीच पर्याय ठरवून ठेवा: सोप्यात येरझाऱ्या, जिना, जागच्या जागी पावलं, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे.

चहा. दिवसाला सात-आठ कप होत असतील तर धडधडीचं एक कारण हातातल्या कपातच आहे. एकदम तोडला तर डोकं ठणकतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी हार मानतो. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, दोन-तीन कपांवर या, शेवटचा कप दुपारी दोनच्या आत. रक्त कमी असेल तर जेवणाला लागून चहा नको. लोह अंगी लागत नाही.

तंबाखू आणि मशेरीनं घटकाभर शांत वाटतं ते खरं, पण ती शांती निकोटिनची तलफ भागल्याची असते. सोडायचं असेल तर जरूर सोडा, फक्त त्याच आठवड्यात नवीन पूरक सुरू करू नका. तलफेची चिडचिड दोन ते चार आठवडे राहते आणि ती पूरकाच्या नावावर लागते. काही मनोविकारांच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण विडी-सिगारेट सोडल्यावर वाढतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

इशारा: रोज दारू घेणाऱ्यानं ती एकाएकी बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम, झटके येऊ शकतात. ती इस्पितळाच्या देखरेखीखालीच सोडायची.

श्वास: नाकानं ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर, सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटं. बाहेर सोडणं लांब हवं, एवढंच सूत्र. घाबरण्याचे झटके येणाऱ्यांनी कपालभाती, भस्त्रिका तूर्त टाळा. जलद श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हाताला मुंग्या, चक्कर, आणि तोच झटका पुन्हा सुरू.

दिवसाला दोन कामं आदल्या रात्री लिहून ठेवा: एक गरजेचं, एक आवडीचं. लहान असू देत. गोठा झाडणं आणि कट्ट्यावर दहा मिनिटं बसणं, एवढं पुरे. "मन लागलं की करीन" अशी वाट बघायची नाही. हातपाय हलले की मन मागून येतं.

तपासून घ्या: दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा भरा. पाच गुण उतरले असतील तर हाच क्रम चालू ठेवा, पैसे वाचले.

टप्पा ५: एकच पूरक निवडा

एका वेळी एक. दुसरं किमान सहा आठवडे नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांशिवाय काहीच नाही.

घेताना वेष्टन वाचा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत हवी. खाद्यपूरकावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. बाजारात पुडीत बांधून मिळणारं बिननावाचं "डोकं शांत करणारं" चूर्ण घेऊ नका. त्यात झोपेची गोळी कुटून घातली आहे की जड धातू आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. एका मात्रेत गाढ झोप लावणाऱ्या चूर्णावर तर विश्वास मुळीच नको.

*अश्वगंधा* (मुख्यतः काळजी आणि झोपेसाठी). मुळाचा प्रमाणित अर्क घ्या. पानं मिसळलेला नको. पहिला आठवडा रात्री जेवणानंतर ३०० मिलिग्रॅम. पोटाला सोसलं तर सकाळ-रात्र ३००, म्हणजे दिवसाला ६००. त्यापुढे नाही. परिणाम समजायला आठ आठवडे. चूर्णाची पारंपरिक मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. अर्क आणि चूर्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. ६०० मिलिग्रॅम चूर्ण म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि ६ ग्रॅम अर्क म्हणजे धोका.
थायरॉईडची गोळी चालू असेल, थायरॉईड जास्त असेल, संधिवातासारखा स्वप्रतिकाराचा आजार असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज: त्या क्षणी बंद आणि यकृताची तपासणी. असे प्रकार क्वचित घडतात, पण घडतात.

*ओमेगा-३* (मुख्यतः उदासीसाठी, तेही नैराश्याच्या गोळ्यांना जोड म्हणून). यात फसगत वेष्टनावर होते. पुढे "१००० मिलिग्रॅम" लिहिलेलं असतं ते माशाच्या तेलाचं वजन. मागे बघा: नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम (हे ओमेगा-३ चे दोन प्रकार). नैराश्यासाठी वापरली जाणारी मात्रा दिवसाला १ ते २ ग्रॅम ईपीए आहे, आणि दोहोंत ईपीएचा वाटा ६० टक्के तरी हवा. म्हणजे १ ग्रॅमसाठी अशा सहा कॅप्सूल. रोज एक घेऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकतं. जास्त ईपीएची कॅप्सूल शोधा, जेवणासोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना विचारून. कारवारकडून येणारा बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खाल्ली तर उत्तमच. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी असते आणि ती खावीच, पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए फार थोडं बनतं, म्हणून ती या हिशेबात धरू नका.

*केशर* (सौम्य ते मध्यम उदासी). अभ्यासांत वापरलेली मात्रा दिवसाला ३० मिलिग्रॅम, दोन भागांत. घरी एवढं तोलता येत नाही. १ ग्रॅमची डबी कागदावर ओता, दोन समान भाग करा, प्रत्येकाचे पुन्हा दोन. असं पाच वेळा केलं की ३२ वाटे होतात, एक वाटा एका दिवसाचा. साधारण १२ ते १५ काड्या. कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून काड्यांसकट प्या. भेसळ करडईच्या रंगवलेल्या पाकळ्यांची होते. खरी काडी पाण्यात हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. पाणी लगेच लालभडक झालं आणि काडी फिकी पडली तर ते केशर नव्हे. मात्रा वाढवून गुण वाढत नाही. सहा आठवडे बघा.

*हळद.* एक चमचा हळदीत कर्क्युमिन जेमतेम १०० मिलिग्रॅम. अभ्यासांतली मात्रा ५०० ते १००० मिलिग्रॅम. रात्रीचं हळद-दूध हवं तर घ्या, उपचार म्हणून मोजू नका. मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत.

*ब्राह्मी.* पाणथळीतली लहान पण जाडसर पानांची खरी ब्राह्मी आणि गोल पानांची मंडूकपर्णी, जिला कन्नडात ओंदेलग म्हणतात, या दोन्ही बाजारात ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. अभ्यास पहिलीचे जास्त, तेही मुख्यतः स्मरणशक्तीचे. काळजीसाठी पहिली निवड म्हणून आम्ही सुचवणार नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळते.

स्वतःच्या मनानं अजिबात घेऊ नये असं: सेंट जॉन्स वर्ट, ५-एचटीपी, सॅम-ई, कावा. ऑनलाइन सहज मिळतात. सेंट जॉन्स वर्टचा सौम्य नैराश्यात गुण आहे, नाही असं नाही. पण ते गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एचआयव्हीची औषधं निकामी करतं आणि नैराश्याच्या गोळ्यांशी धोकादायकरीत्या जुळतं. कावानं यकृत बिघडतं. सुगंधी तेलं लावायची असतात, प्यायची नसतात.

टप्पा ६: वही ठेवा आणि निर्णय घ्या

एका पानावर चार रकाने: तारीख, झोपेचे तास, चाललेली मिनिटं, पूरकाची मात्रा. दर दोन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पीएचक्यू-९. ऊसबिल जमा झालेल्या दिवशी एकदा आणि बँकेची नोटीस आलेल्या दिवशी एकदा भरलात, तर आकडा पूरकाचा नसून त्या दिवसाचा असेल.

पाच किंवा जास्त गुण उतरले: चालू ठेवा, १२ आठवड्यांनी थांबवून बघा. ठरलेल्या मुदतीत जागचे हलले नाहीत: बंद करा आणि डॉक्टरांकडे जा, दुसरी बाटली आणू नका. गुण पाचनं वाढले किंवा १५ ला पोचले: मुदतीची वाट न बघता जा.

टप्पा ७: गोळ्या चालू असतील तर

पूरक सुरू केलं म्हणून गोळी सोडायची नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा ते नऊ महिने चालवाव्या लागतात. एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या-काळजीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी तर आपल्या मनानं मुळीच थांबू नये. फिट येऊ शकते.

कुठे जायचं: बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय, केएलई रुग्णालय, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. कोणता मंगळवार ते आधी विचारून जा, नाहीतर खेप फुकट जाते. अर्ज कन्नडात असेल तर भरून मागायला संकोच नको, पण त्रास मात्र मराठीतूनच सांगा. "गॅस होतो, झोप नाही" एवढंच सांगितलं तर पित्ताची गोळी मिळून परत याल. केव्हापासून, रोज किती वेळ, कामावर काय परिणाम, मरणाचे विचार येतात का, हे चार मुद्दे बोला. सोबत गोळ्यांची यादी, रक्ताचे अहवाल, वहीचं पान आणि पूरकाची बाटलीच न्या. नाव सांगताना चुकतं.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर अश्वगंधा, माशाचं तेल, हळदीचा अर्क, केशर यातलं जे चालू आहे ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा आणि ते म्हणतील तसं साधारण दोन आठवडे आधी थांबवा.